आलन्यावरच्या अकरा साड्या

मूल
दि. ३ नोव्हेंबर २०२४

आयु. रुखमाबाई यांस,
बायनाचा सादर जयभीम. वि. वि.

अंगण झाडून झालं होतं, नळ लवकर आला म्हणून पाण्याचे तिन्ही गुंड भरून ठेवले होते, आणि मी दाराशी बसून डब्यासाठी वांगी चिरत होते. सोमवार होता. तुमचे भाऊ मुलचेऱ्याच्या गाडीसाठी पिशवी भरत होते. दोन सदरे, ब्रशांचा डबा, कागदांची गुंडाळी. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं की काल विहारात मी कोणत्या रंगाची साडी नेसले होते, सांगा बरं. ते थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले का चांगली होती. मी म्हटलं, चांगली हा काही रंग नाही. तर म्हणाले का बाई, मी ड्रॉइंगचा मास्तर आहो, धोबी नाई. मी इतकी हसले की वांगं हातातून खाली पडलं.

बाई, ही सकाळ मी जपून ठेवली होती. ते गेल्यावर दोन वर्षं मी तिच्यावर दिवस काढले. मनाशी म्हणायची, माझ्या माणसाला लाकडाचा रंग दिसायचा, कापडाचा दिसत नव्हता. कोणाला काय दिसावं हे आपल्या हातात नसतं. आता त्या सकाळीचाच मला राग येतो. का येतो ते सांगते.

तुमच्या विक्कीनं हट्ट धरला आहे की मामाच्या दुसऱ्या स्मृतिदिनाला, २२ डिसेंबरला, त्यांची चित्रं इथल्या विहारात लावायची. म्हणून मी ट्रंक उघडली. दोन वर्षं उघडली नव्हती. एकशे बावन्न चित्रं निघाली. सारी जुन्या सामानाची. सुकलू मडावीच्या घरचा पाळणा, वारलूच्या आजीची घडवंची, आरमोरीच्या मालगुजाराचा चार माणसांचा पलंग. रविवारी सायकल घेऊन जायचे आणि लोकांच्या घरात तासन् तास बसून काढायचे ते तुम्हाला माहीत आहे. म्हणायचे, लोक सागाचा पलंग देऊन लोखंडी कॉट घेऊन राह्यले, निदान कागदावर तरी राहू द्या. काढण्याआधी त्यावरचं सारं उचलायला लावायचे. तांब्या नाही, टॉवेल नाही. वस्तू उघडी दिसली पाहिजे हा त्यांचा नियम. आणि प्रत्येक चित्राच्या मागं मालकाचं नाव, गाव, लाकूड, किती पिढ्यांचं, हे सारं बारीक अक्षरात.

त्यातली अकरा चित्रं वेगळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. अकराही एकाच वस्तूची. दोन कोरलेले खांब आणि मध्ये चार आडवे दांडे, शिडी रुंद करून उभी ठेवावी तशी. आणि त्यावर बाईच्या साड्या. एकशे एक्केचाळीस चित्रांत टॉवेल चालला नाही, आणि इथं साड्या! पहिल्या सात चित्रांत सात साड्या, एकीसारखी दुसरी नाही. निळी, शेवाळी, एक लाल काठाची. शेवटच्या चार चित्रांत साडीची जागा कोरीच सोडली आहे, नुसत्या घड्यांच्या फिक्या रेषा. मागं फक्त मुलचेरा आणि तारीख. बाकी साऱ्यांची नावं लिहिली आणि हिचंच लिहायला शाई संपली काय?

आपल्या घरातली एकही वस्तू त्यांनी काढली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणायची तर म्हणत, घरचं कुठी पळते.

सहा वर्षं ते मुलचेऱ्याच्या शाळेत खोली करून राहिले, मी पोरापायी मूलमध्ये राहिले. २००९ मध्ये त्यांना मलेरिया झाला तेव्हा कुलदीपची परीक्षा होती म्हणून मी गेले नाही, तुम्ही पंधरा दिवस जाऊन राहिलात. म्हणून तुम्हाला विचारते. हे काय आहे आणि कोणाचं आहे?

धान निघालं असेल. गुडघ्याला तेल लावत जा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
बायना


आरमोरी
ता. १० नोव्हेंबर

चि. बायनास,
रुखमाचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. पुनम बिचारी वाचून दाखवतो म्हणे, मी म्हटलं नाई, माह्या नावाचं पत्र मीच वाचन. सुनेच्या तोंडून भावजयीचं रडगाणं काऊन ऐकाचं. चौथी शिकलो आहो, अक्षर लावून लावून वाचलं. फोन काऊन नाई करत असं विक्की तुले विचारते म्हणे. त्याले सांग, तुह्या मायले आयकू येत नाई, तिच्यासंग फोनवर बोलणं म्हणजे भिंतीसंग बोलणं.

धान चुरून झालं. यंदा मावा पडला म्हणून कमीच आहे, पण खायले पुरते. गुडघा तसाच आहे.

आता तुह्या अकरा साड्यायचं. बायना, तुले साठ लागले न तू आता सवत शोधून राह्यली? माणूस जिता होता तवा शोधली असती तं काई मजा तरी आली असती. माह्या भावाले एक बायको सांभाळता आली नाई, दुसरी कुठून सांभाळन तो. पगार तुह्या हातात द्याचा न चहाले तुलेच पैसे मागाचा.

ते काई नाई, आलना आहे तो. बंगाली लोकायच्या घरी राह्यते कपडे टाकाले. आपण दोरी बांधतो, ते आलना ठेवतात. त्याले नक्षीचं दिसलं न काढत बसला. विक्कीले सारे चित्रं देऊन टाक. स्मृतिदिनाले लोक पाहतीन, चांगलं म्हणतीन. उगाच जीवाले घोर लावून घेऊ नको. कुलदीपले आशीर्वाद. म्हातारीची आठवण राहू दे.

तुही बाई,
रुखमा


मूल
दि. १६ नोव्हेंबर २०२४

आयु. रुखमाबाई यांस,
सादर जयभीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही. बाई, मी माझ्या पत्रात बंगाली हा शब्द लिहिलाच नव्हता. दोन खांब आणि चार दांडे लिहिले. तुम्ही घर ओळखलंत, वस्तूचं नाव ओळखलंत. म्हणजे ती तुम्ही पाहिली आहे.

तुम्ही जाणता, मी शाळेत गेले नाही. लग्नानंतर तुमच्या भावाच्या वह्यांवरून अक्षर शिकले आणि वाचनालयातली कपाटं एकेक करून संपवली. त्यामुळं कागदावर काय आहे आणि काय नाही हे मला कळतं.

तर आता कागदावर काय आहे ते ऐका. निळ्या साडीच्या पदराला एक रफू आहे. सुईच्या टोकाएवढे टाके, आडवे आणि उभे, त्यांनी एकेक काढले आहेत. भिंग लावून पाहिलं. माझ्या विहारातल्या साडीला तीन वर्षं हाताएवढा रफू होता. तो त्यांना कधी दिसला? लाल काठाच्या साडीचं चित्र तर असं आहे की कापड हातात घ्यावंसं वाटतं. त्यांच्या एकशे बावन्न चित्रांत ते सर्वांत चांगलं आहे. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही.

काल मी एक वेडेपणा केला. माझी साडी दोरीवर टाकली, बाजूला ते चित्र धरलं आणि पाहत उभी राहिले. शेजारची प्रिया कुंपणावरून विचारते का काकू, साडी विकाची आहे काय.

मला हेवा वाटतो. हे सांगायला लाज वाटत नाही. तुम्ही म्हणता माणूस जिता असता तर मजा आली असती. जिता असता तर भांडले असते, दोन दिवस जेवण वाढलं नसतं, आणि तिसऱ्या दिवशी वाढलं असतं. मेलेल्या माणसाशी कसं भांडू? त्यांची थाळी धुऊन ठेवून दोन वर्षं झाली.

ती अकरा चित्रं मी विक्कीला देणार नाही. खरं काय ते मला लिहा. नाही लिहिलंत तर मी जे मनात आणीन ते खऱ्यापेक्षा वाईट असेल.

तुमच्या गुडघ्यासाठी निलगिरीचं तेल पाठवते. रागावलात तरी मला टाकू नका.

आपली,
बायना


आरमोरी
ता. २४ नोव्हेंबर

चि. बायनास,
जयभीम आणि आशीर्वाद.

तेल भेटलं. तू वकील व्हाले पायजे होती.

ऐक आता. लपवाचं म्हणून लपवलं नाई, तुह्या जीवाले लागन म्हणून बोललो नाई. मी मुलचेऱ्याले गेलो तवा हरिदास बाजीवर पडून होता, चार चार चादरी घेऊन कापत. दुसऱ्या दिवशी एक बाई डबा घेऊन आली. रिना हालदार तिचं नाव. तिच्याच घरी तो आलना. उंच, हडकुळी, तुह्यापेक्षा धा-बारा वर्षानं लहान. दारातच उभी राहे. आत ये म्हटलं तरी येत नोहती, मास्तरायले कसं आहे विचारे न जाये. रोज ये.

मले ते पटलं नाई. मी हरिदासले म्हटलं, हे काय लावलं आहे रे, घरी बायको आहे, पोरगा आहे. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

आणि ते चार चित्रं कोरे नाईत, बायना. त्यातलं एक मी त्याच्या खोलीत पाह्यलं होतं. म्हटलं, हे लुगडं काढाचं राहून गेलं काय रे. तं म्हणे, बाई, पाण्याच्या रंगात पांढरं लावत नाईत. जिथी पांढरं पायजे तिथी कागद सोडतात. म्हणजे ते लुगडे पांढरे आहेत. ती बाई पांढरंच नेसे. पंधरा दिवस मी तिले पांढऱ्यातच पाह्यलं. कुकू नाई, काई नाई. मले वाटलं, यानं तिले आपल्यात आणली, उपासिका केली. त्याचं तसंच होतं, कोणी भेटला का धम्माचं सांगत बसे. विचारलं मात्र नाई.

हे सारं आहे. याच्या पुढचं मले माहीत नाई. मी माह्या भावाची बाजू घेतो असं समजू नको. तो आता नाई, तूच आहेस. मले कमी समजू नको.

तुही बाई,
रुखमा


मूल
दि. ३० नोव्हेंबर २०२४

रिना हालदार, मुलचेरा, यांस,

तुमच्या नावामागं सौ. लिहावं की श्रीमती, मला माहीत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. राग नसावा.

मी कालकथित हरिदास खोब्रागडे मास्तर यांची बायको. ते २२ डिसेंबर २०२२ रोजी गेले. तुम्हाला कळलं असेल किंवा नसेल.

त्यांच्या ट्रंकेत तुमच्या आलन्याची अकरा चित्रं निघाली. सातांवर रंगीत साड्या आहेत, चारांवर पांढऱ्या. आम्ही बौद्ध लोक. आमच्यात नवरी लग्नात पांढरी साडी नेसते. मी नेसले होते. चौतीस वर्षं ती घडी करून ठेवली आहे. तुम्ही आमच्यातल्या नाही असं कळलं. मग ती पांढरी साडी तुम्हाला कोणी नेसवली आणि कशासाठी, एवढंच मला विचारायचं आहे.

एका ओळीत लिहिलं तरी चालेल. नुसतं पोस्टकार्ड टाका. लोभ वगैरे काही मागत नाही, तेवढी आपली ओळख नाही.

बायना हरिदास खोब्रागडे


मुलचेरा
दिनांक १२ डिसेंबर २०२४

आदरणीय बायनादीदी यांना,
रिनाचा नमस्कार.

मास्टरमोशाय गेले हे मला तुमच्या पत्रातूनच कळलं. पत्र पोस्टमननं दिलं तेव्हा मी धान वाळवत होते. दोन दिवस ते डाळीच्या डब्याखाली ठेवलं. माझं शिक्षण इथल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत झालं, लिहिता येतं, चुका झाल्या तर समजून घ्या.

एका ओळीत लिहू शकत नाही.

नावामागं श्रीमती लिहावं. माझे पती निखिल जानेवारी २००९ मध्ये साप चावून वारले. आमच्यात पती गेला की बाई पांढरं नेसते. मला माझ्या सासूनं नेसवलं, तेराव्या दिवशी. तुमच्यात पांढरं लग्नाचं असतं हे मला मास्टरमोशायनीच सांगितलं होतं. तुम्ही काय समजलात हे मला कळलं आणि मी वाईट मानलं नाही.

आलना माझ्या सासूच्या वडिलांनी बनवला. सीमेपलीकडच्या बंगालातून निर्वासित होऊन येताना तो सुटा करून, लाकडाच्या मोळीसारखा बांधून आणला. छावणीत सात वर्षं तो तसाच मोळीत होता. इथं जमीन मिळाली तेव्हा सासऱ्यांनी पहिल्यांदा उभा केला, घरावर छप्पर नव्हतं तरी. मास्टरमोशाय पहिल्यांदा २००५ मध्ये आले. निखिलच घेऊन आला बाजारातून. मास्टरमोशाय म्हणाले, कपडे उचला. निखिल म्हणाला, आलना उघडा ठेवला तर तो आलना राहतच नाही, घरात माणूस नसल्यासारखं दिसतं. दोघं खूप भांडले. मी दोनदा चहा केला. शेवटी मास्टरमोशाय हरले.

पुढं निखिलला नादच लागला. वर्षात दोन साड्या घ्यायचा, एक पूजेला, एक धान विकल्यावर. नवी साडी आली की शाळेत निरोप पाठवायचा की मास्टर, चला, नवीन टांगलं आहे. निळी साडी नवी नव्हती. त्या वर्षी धान बुडालं म्हणून जुनीच टांगली, आणि निखिलनं सांगितलं की रफू पण काढा, माझ्या बायकोनं केला आहे. चार वर्षांत सात चित्रं अशी झाली.

मागं नाव नाही, त्याचं कारण माझी सासू. तिनं हात धरला होता. ज्यांनी ज्यांनी आमची नावं कागदावर लिहून घेतली त्यांनी पुढं आम्हाला हलवलं, असं ती म्हणायची. गावाचं लिहा, आमचं नको, म्हणाली.

निखिल गेल्यावर मास्टरमोशाय भेटायला आले. आलन्यावर पांढरी टांगलेली होती. त्यांनी विचारलं, याचं चित्र काढू का? मी हो म्हणाले. तशी चार वेळा आले. शेवटच्या वेळी म्हणाले, आमच्यात पती गेला म्हणून बाई रंग सोडत नाही. मी गेलो आणि माझी बायको फिकं नेसून बसली, तर मला ते चालणार नाही. मी म्हणाले, तुमच्या घरी सासू नाही म्हणून तुम्ही असं बोलता. ते हसले. मग बदली झाली.

मलेरियात डबा मीच नेत होते. गुरुजी माणूस परगावी तापात पडला आहे, तर गावानं बघायचं नाही का? तुमच्या नणंदबाईंनी दोन दिवस माझं माशाचं कालवण परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा आला. मास्टरमोशायना तर मासा बंद होता.

दीदी, तुम्ही सरळ विचारलं, मी सरळ सांगते. त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं असेल तर मला कळलं नाही. मी मात्र ते येण्याची वाट पाहायची. पांढऱ्यातल्या बाईकडे कोणी पाहत नाही. ते दोन तास बसून माझ्या साडीच्या घड्या पाहायचे. एवढं होतं. कमी नाही, जास्त नाही.

एक मागणं आहे. मागायचा हक्क नाही हे जाणते. आलन्याला वाळवी लागली, घरकुल बांधताना मुलानं तो जाळला. लाल काठाची साडी निखिलनं घेतलेली शेवटची. तेराव्याला त्या साऱ्या वाटून टाकाव्या लागल्या. घरात त्याचं काही राहिलं नाही, फोटोसुद्धा रेशनकार्डावरचाच. त्या चित्राचा मोबाईलवर फोटो काढून पाठवाल का? नाही पाठवलात तरी मी समजेन.

तुमच्या घरी सगळ्यांना नमस्कार. मनात राग उरला असेल तर तोही लिहा, मी वाचीन.

आपली,
रिना निखिल हालदार


मूल
दि. १९ डिसेंबर २०२४

आयु. रुखमाबाई यांस,
सादर जयभीम. वि. वि.

सोबत मुलचेऱ्याच्या पत्राची नक्कल करून पाठवते, रात्री चष्मा लावून बसू नका, दिवसा वाचा. मासे तुम्ही खाल्लेत हे मला पंधरा वर्षांनी कळलं. भावाला पेज आणि बहिणीला कालवण. पटलं नाही म्हणता आणि तिसऱ्या दिवशी डबा पुसून पाठवता! मी विक्कीला हे सांगणार आहे, आणि पुनमलाही.

बाई, आपण दोघी शहाण्या बाया. तुम्ही पंधरा दिवस तिला दारात पाहिलंत, मी महिनाभर तिच्या साड्या पाहिल्या. तिचा माणूस मेला आहे हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. तुम्हाला ती उपासिका वाटली, मला नवरी वाटली. पांढरं म्हटलं की आपल्याला विहार आठवतो, लग्न आठवतं. मी तिला जे लिहिलं ते आठवलं की कान गरम होतात. नवरा गेलेल्या बाईला मी विचारलं की तुला कोणी नेसवली.

तुम्ही म्हणाल, आता तरी जीव शांत झाला असेल. नाही झाला. खोटं कशाला लिहू? हेवा गेला नाही, त्यानं फक्त जागा बदलली. आधी वाटायचं, माझ्या माणसानं तिच्याकडे पाहिलं. आता वाटतं, तिचा माणूस साडी घेऊन यायचा आणि गावाला बोलवायचा की या, बघा, माझ्या बायकोची साडी. रफूसुद्धा काढा म्हणायचा. माझ्याकडे बत्तीस वर्षांत कोणाला बोलावलं नाही. घरचं कुठी पळते म्हणाले. ते स्वतःच गेले, घर इथंच आहे.

आणि ते एक वाक्य. मी गेलो आणि माझी बायको फिकं नेसून बसली तर मला चालणार नाही. बाई, हे वाक्य माझं होतं. ते माझ्या स्वयंपाकघरात बोलायचं होतं, माझ्यासमोर. मुलचेऱ्याला कोणाच्या घरी बसून, हातात ब्रश घेऊन, ते तिला सांगितलं. तिनं सासूचं बोलून दाखवलं आणि ते हसले. मला कोणी सांगितलंच नाही. दोन वर्षं मी बदामी, राखाडी, मातकट नेसते आहे. कोणी नेस म्हटलं नव्हतं. कोणी नको नेसू असंही म्हटलं नाही. कुलदीप चंद्रपूरहून येतो, विचारतो का आई, ही साडी कवाची आहे, आणि मोबाईलमध्ये बघत बसतो.

तिनं वाट पाहायची असं लिहिलं आहे. ते वाचून तिचा राग यायला पाहिजे होता. मी तिथंच अडकले. मी पण शनिवारी वाट पाहायची. सहाची गाडी यायची, मी सहाला ओट्यावर. मला तो माणूस दर आठवड्याला मिळायचा आणि तिला वर्षातून दोनदा, दोन तास. तरी ते दोन तास मला तिला द्यावेसे वाटत नाहीत. माझं मन असं आहे, आता साठीला ते बदलणार नाही.

विक्की परवा दिवशी येणार आहे. दहा चित्रं मी बाहेर काढून ठेवली, बाकीच्यांसोबत लावू दे. नावाची जागा कोरी ठेवायला सांगेन, त्या म्हातारीनं नको म्हटलं होतं. ती असो नसो, शब्द तो शब्द. लाल काठाचं मात्र मी देणार नाही, विक्कीला नाही आणि तिलाही नाही. फोटो मागितला आहे, फोटो जाईल. कुलदीप आला की त्याच्याकडून काढून पाठवीन. तेवढं पुष्कळ झालं. सर्वांत चांगलं चित्र माझ्या घरात राहायला नको काय? बत्तीस वर्षं भाकरी मी भाजली.

तुमचा गुडघा कसा आहे ते लिहिलं नाहीत. स्मृतिदिनाला विक्कीच्या मागं बसून येऊ नका, गडचिरोलीपर्यंत गाडीनं आणि तिथून रिक्षा करून या. मी मासे करीन. भाऊ नाही म्हणून भावजयीचं घर परकं करू नका.

आपली,
बायना

ता. क. दि. २१ डिसेंबर. हे पत्र लिहून ठेवलं आणि टाकायचं राहिलं, आज विक्कीच्या हाती देते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरपंखी साडी नेसले, सातची गाडी धरली, चामोर्शीला बदलली, आणि लाल काठाचं चित्र मुलचेऱ्याला नेऊन दिलं.